आणखी एक ऊन

माझं माहेर फुलसावंगीकडचं आणि सासर मुकुटबनच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. जिल्हा एकच, पण माहेरी गवत वाळायचं आणि सासरी ते 'वायायचं'. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात अंगणातल्या मिरच्या चाचपून मी म्हणाले, "वाळल्या." सासू हसून हसून खाली बसली. "वायल्या म्हन बाई, वायल्या. थो 'ळ' तुह्या बापाच्या घरीच ठेव." मी जिभेची तिखट. म्हणाले, "ठेवला असता, पण तुमच्याकडं एकही नाही म्हणून घेऊन आले." त्यावर ती आणखीच हसली. तिला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामाजी.

मामाजींशी मात्र मी बोलत नसे. सुनेनं सासऱ्यासमोर उभं राहून बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. मामाजींनी घरातल्या पुष्कळ रीती मोडल्या, ही तेवढी राहून गेली. मग जे सांगायचं असेल ते त्यांच्या कानावर पडेल अशा बेतानं गाईला सांगायचं. "तांबडे, पाणी तापलं गं," असं मी गाईला म्हणायची आणि मामाजी आंघोळीला उठायचे. आमच्या घरातलं सगळं त्या गाईला ठाऊक होतं.

छप्पन साली मामाजी वस्तीतल्या माणसांना घेऊन नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. आल्यावर घरातले देव टोपलीत घालून नाल्यात सोडले. गावची मेलेली ढोरं ओढायचं काम वस्तीनं तेव्हाच टाकलं. आणखीही एक गोष्ट सुटली. गावातले जोशीबुवा पंचांग पाहून पावसाचं सांगायचे. कुठल्या नक्षत्राचं वाहन काय, बेडूक आहे की गाढव, त्यावरून पाऊस भरपूर की नावाला, हे ठरायचं आणि त्यावर शेतकऱ्याचं पुढचं काम ठरायचं. आमच्या माणसांना ते विचारायचं तर ओट्याखाली, उन्हात, चपला हातात धरून उभं राहावं लागे. मामाजींनी वस्तीत सांगितलं, "आतापासून थ्या ओट्याखाली कोनी उभं राह्यनार नाही. आपल्यालेही डोये हायेत." मी तेव्हा त्या घरात नव्हते, पण हे वाक्य आत्याबाईंनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते ऐकल्यासारखंच आहे. त्या वाक्यासाठी मला मामाजींचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

आमचं बरड नाल्यापलीकडं होतं. मुरमाड, उताराची जमीन. तिथं कापूस धरत नसे, ज्वारी लावली तर वीतभर येऊन उभी राही. गवत मात्र कमरेला लागायचं. त्या गवतावर आमची बैलजोडी आणि गाय पुढचा पाऊस येईपर्यंत जगायची, आणि बैल जगले तरच पेरणी व्हायची. ते कापायचं कधी, हा दरवर्षीचा घोर. हिरवं असताना कापलं तर त्यात कस असतो, पण कापून पडलेल्या गवतावर पाऊस आला की ते काळं पडून कुजतं. थांबावं, तर कुसळं पिकतात आणि ढोरांच्या हिरड्यांत रुततात, काडीचं लाकूड होतं, आणि जंगलाकडून वणवा आला तर तेवढंही हाती लागत नाही. दसरा आणि दिवाळी यांच्या मधे कुठंतरी एक सकाळ अशी असते की त्या दिवशी विळा लावावा. ती ओळखायची कशी, हे मामाजी आता स्वतःच्या अकलेनं ठरवत होते.

आत्याबाईंच्या तोंडातून मात्र नक्षत्रं जात नव्हती. हस्ताला त्या हत्ती म्हणत. भाकरी थापता थापता म्हणायच्या, "हत्ती गेला, आता चित्रा लागली," आणि मामाजींनी पाहिलं की जीभ चावायच्या. मामाजी म्हणायचे, "नक्षत्र सांगू नोको. तारीख सांग." तारीख तर आमच्या घरात कोणालाच ठाऊक नसायची, त्यांनाही नाही.

लग्नानंतरचा माझा तो दुसरा दसरा. चित्रा लागल्यावर आभाळ अगदी कोरं झालं. मामाजी रोज सकाळी बरडावर जायचे, गवताची काडी दातांत धरून चावायचे, कुसळाचं टोक बोटानं वाकवून पाहायचे. गावात कोणीच विळा काढला नव्हता. पंचांगात यंदा चित्राचं वाहन म्हैस निघालं होतं, आणि म्हैस म्हणजे दांडगा पाऊस. मामाजी एका सकाळी परत आले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "उद्या लावू."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं बरडावर वाकलो. दुपारी गावातला एक शेतकरी गाडी थांबवून बघत राहिला. वाईट माणूस नव्हता, पण त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. "यंदा म्हैस हाय बाप्पा," तो म्हणाला. "म्हैस पान्यात बसल्याबिगर राह्यत नसते. गवत कुजलं अन् बैल मेला, तं ओढाले कोन येईन? तुम्ही तं ओढनं सोडलं."

"बैल मरनार नाही," मामाजी वर न बघता म्हणाले.

तो हसला आणि गाडी हाकून गेला. मला इतका राग आला की हातातला विळा गवताऐवजी दगडावर बसला. पण त्याच्या बोलण्यात जे होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वस्तीतली बाकीची घरं विळ्यांना धार लावून बसली होती. आमचं गवत कोरडं घरी आलं तर तीही कापणार होती. भिजलं, तर पुन्हा त्या ओट्याखाली जाणार होती. एका घरात तर नाल्यात सोडलेल्या देवाच्या जागी नवा देव कणगीमागं येऊन बसलाही होता, हे आत्याबाईंनी मला हळूच सांगितलं होतं. मामाजींनाही ते कळलं असावं. त्या दिवसांत ते जेवताना बोलत नसत.

कापून झालं. गवत ओळींनी पसरलं. ऊन कडक, वारा पडलेला. रात्री दव इतकं पडायचं की सकाळी पाय ओले व्हायचे. एका बाजूनं वाळलं की आम्ही उलटवायचो. वाळलं की नाही, हे कळायची साधी रीत होती: मूठभर गवत घ्यायचं आणि दोन्ही हातांनी पिळायचं. वाळलेलं गवत करकरतं आणि पेरापाशी मोडतं. ओलसर असलं की मुकाट वळतं, आणि तळव्याला गार लागतं.

त्या दिवशी दुपारी मी पिळलं तेव्हा ते मुकाट वळलं. आणखी एक ऊन हवं होतं, एकच. आणि तेवढ्यात जंगलाच्या अंगानं ढग वर आला.

काळा, जड, खालून सपाट. पाखरं गप्प झाली. गावाच्या बाजूला, नाल्याच्या काठावर, माणसं येऊन उभी राहिलेली दिसत होती. नुसती बघत होती. वस्तीतलीही होती, गावातलीही होती. मामाजींनी एकदा ढगाकडं पाहिलं आणि एकदा त्या माणसांकडं. मग म्हणाले, "पेंढ्या बांधा. गंजी रचू."

गाय नाल्याकाठी चरत होती. मी तिच्याजवळ गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "तांबडे, गवत अजून वायलं नाही गं. आणखी एक ऊन पाहिजे." त्यांना नीट कळावं म्हणून घाईतही मी 'वायलं' म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं. त्यांचे हात जरासे थांबले, मला दिसलं. मग ते पुन्हा बांधायला लागले.

गाडीवर गाडी भरून आम्ही घरामागच्या वाडीत, गोठ्याला लागून, गंजी रचली. पुरुषभर उंच, वर निमुळती. आमचे हे वर उभे राहून तुडवत होते आणि मामाजी खालून पेंढ्या फेकत होते. शेवटची पेंढी चढली तेव्हा ढग डोक्यावर होता. आम्ही ओसरीत येऊन बसलो.

पाऊस आलाच नाही. ढग वरून निघून गेला, नदीकडं कुठं तरी गडगडला असेल. दुसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा कोरं, आणि असं ऊन पडलं की अंगणातली माती तापली. वस्तीत आनंद झाला. म्हैस कोरडीच गेली म्हणून लोकांनी हसून घेतलं, विळे निघाले, आणि जो तो मामाजींना येऊन भेटू लागला. मामाजी सगळ्यांना हो हो म्हणत होते. त्यांचं लक्ष पुन्हा पुन्हा गंजीकडं जात होतं.

मला वास पहिल्यांदा आला तेव्हा तो छान वाटला. मोहफुलं मडक्यात घालून ठेवली की येतो तसा, गोडसर. मी आत्याबाईंना विचारलं, कोणी घरी दारू गाळतंय का. त्या म्हणाल्या, आता या वस्तीत कोण गाळणार. नंतर सकाळी शेण काढायला गेले तर गंजीच्या शेंड्यातून वाफ निघत होती. थंडी नुकती पडायला लागली होती, म्हणून मी म्हटलं, दव असेल. पण शेजारी रचलेल्या ज्वारीच्या वाळक्या धांड्यांमधून वाफ निघत नव्हती. आमचा कुत्रा रोज चुलीपाशी झोपायचा, तो आता गंजीला पाठ लावून झोपू लागला. बैल रात्री त्या बाजूला तोंड करायचे नाहीत. मी पेंढ्यांच्या फटीत हात घातला आणि कोपरापर्यंत जाण्याआधी काढून घेतला. आत ऊब होती. गाभण जनावराच्या पोटाला हात लावल्यासारखी.

"तांबडे," मी म्हणाले, "गंजी तापून राह्यली गं." मामाजी दाढी करत होते. आरशातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा दाढी करू लागले. मला त्या माणसाचा असा संताप आला! इतका शहाणा, गावाला न भिणारा, आणि स्वतःच्या गंजीला भितो. मी शेणाची पाटी दाणकन आपटली. गाय दचकली, मामाजी नाही.

पुढच्या दिवसांत वास बदलला. गोडपणा गेला, तंबाखूसारखा झाला, आणि मग त्यात करपट काहीतरी मिसळलं. गंजी मधोमध खचली. एका दुपारी मी परसातून आले तर मामाजी एकटेच गंजीपाशी होते. त्यांनी लोखंडी पहार गंजीच्या पोटात खुपसून ठेवली होती. मला पाहून त्यांनी ती झटक्यानं ओढली आणि तिचं आतलं टोक उजव्या हातानं पकडलं. लगेच सोडलं. पहार खाली पडली. ते तळवा छातीशी धरून उभे राहिले, तोंडातून आवाज काढला नाही. मग आत जाऊन हाताला फडकं बांधून आले. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, विळा लागला.

आता त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी गंजी उघडली नाही. उघडली असती तर आतलं काळं गवत सगळ्या वस्तीला दिसलं असतं, त्याच वस्तीला जी कालपरवा त्यांना भेटून गेली होती. मी रात्रभर कूस बदलत राहायची. गोठा गंजीला लागून, घर गोठ्याला लागून, सगळ्यांवर गवताचंच छप्पर. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बापाले कोन सांगन?"

शेवटी सांगितलं आत्याबाईंनी. सकाळी चुलीपुढून उठल्या, मामाजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या हाताचं फडकं सोडलं आणि तळवा पाहिला. फोड फुटून मांस दिसत होतं. त्या म्हणाल्या, "इयानं कापते जी. इयानं भाजत नसते." मग मागं वळून ह्यांना म्हणाल्या, "गंजी उघड."

हे शिडी लावून वर चढले आणि शेंड्याच्या पेंढ्या काढून खाली फेकू लागले. वरच्या पिवळ्या, त्याखालच्या तपकिरी, मग काळ्या. मी खाली उभी होते. ह्यांनी मधे पाऊल टाकलं आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. आत पोकळ होतं. गवत आतल्या आत जळून खाली बसलं होतं, आणि वर नुसतं टोपण राहिलं होतं. "उतर!" मामाजी इतक्या जोरात ओरडले की त्यांचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "उतर खाली! हात सोड, उडी घे!" ह्यांनी अंग कडेला झोकून दिलं आणि ते उकिरड्यावर येऊन पडले. त्याच क्षणी, पाय गेला होता त्या भोकातून धूर आला, आणि धुरामागं जाळ.

मी गाईचं दावं सोडलं. मामाजींनी बैल सोडले, त्या हातानंच. आत्याबाईंनी घरातली कणगी सोडून पहिल्यांदा पाण्याचा रांजण फोडला, म्हणजे पाणी ओसरीकडून वाहील; काय विचार केला होता कोण जाणे. धूर पाहून वस्ती धावली, गावही धावलं. नाल्यातून हंडे येत राहिले. घर वाचलं. गोठा गेला, गंजी तर गेलीच.

माणसं घोळका करून उभी राहिली. राखेतून अजून धूर येत होता. गावातल्या कोणीतरी हळूच म्हटलं, "आग कोनी लावली नाही, काही नाही. भर दिवसा आपोआप पेटली. देवी कोपली." ते वाक्य घोळक्यात एकातून दुसऱ्याकडं गेलं. देव नाल्यात सोडले. पंचांग सोडलं. देवी कोपली. मी आमच्या वस्तीतल्या माणसांची तोंडं पाहिली. ती खाली गेलेली होती. एका बाईनं गळ्यात आता नसलेला देवीचा ताईत हातानं चाचपला. मला वाटलं, संपलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या कणगीमागं देव येऊन बसणार.

मामाजी पुढं झाले. गप्प राहिले असते तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. देवीच्या कोपापुढं माणसाचा काय इलाज. त्यांच्या अकलेला कोणी नाव ठेवलं नसतं, उलट कीव केली असती. त्यांनी फडकं सोडलं आणि उजवा तळवा सगळ्यांसमोर धरला.

"देवीचं नाव कायले घेता?" ते म्हणाले. "गवत ओलं होतं. ओलं गवत दाबून रचलं का आतून तापते, अन् पेटते. माह्या सुनेनं मले सांगतलं होतं, आनखी एक ऊन पाह्यजे म्हनून. मी ऐकलं नाही. मी ढगाले नाही भेलो. तुम्ही तिथं नाल्यावर उभे होते, तुमच्या हासन्याले भेलो. चूक माही हाय. देवीची नाही."

 मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग देवीनंच बुद्धी फिरवली म्हनाव." त्यावर काही जणांनी मान डोलावली.  पण वस्तीतली माणसं मान वर करून मामाजींच्या हाताकडं पाहत होती. संध्याकाळी त्यांतल्या दोघांनी आपापल्या घरच्या गवताच्या पेंढ्या आणून आमच्या अंगणात टाकल्या आणि निघून गेले.

तो उन्हाळा फार वाईट गेला. बैलांच्या फासळ्या मोजता याव्यात अशा झाल्या. आम्ही जंगलातून पाला आणायचो, झाडाच्या कोवळ्या डहाळ्या तोडायचो. गाडीवाला शेतकरी जाता-येता बैलांकडं पाहायचा, आणि मला त्याचं ते 'ओढाले कोन येईन' ऐकू यायचं, तो काही बोलला नाही तरी. बैल मेले नाहीत. कसे मेले नाहीत, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी गवत कापून बरडावर पसरलं होतं. वस्तीतली माणसंही आपापल्या उतारावर वाळवत होती. दुपारी जंगलाच्या अंगानं ढग वर आला. अगदी तोच म्हणावा असा, काळा, खालून सपाट. सगळे आपापलं काम टाकून आमच्या बांधावर आले. मामाजींनी मूठभर गवत उचललं आणि पिळलं. मग पुन्हा पिळलं. उजव्या तळव्याची कातडी आता जाड, चकचकीत झाली होती. त्या हाताला गार-ऊन कळायचं नाही, हे आम्हाला घरात ठाऊक होतं. चहाचा कढत पेला ते तसाच धरून बसायचे.

"बाई," ते म्हणाले, "इकडं ये."

मी सवयीनं गाय शोधली. गाय घरी होती.

त्यांनी ते गवत माझ्या हातात दिलं. "सांग. वायलं का?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. ढगाची सावली उतारावरून आमच्याकडं सरकत होती, वारा थंड झाला होता. मी पिळलं. गवत मुकाट वळलं, तळव्याला गार लागलं.  मी नाही म्हटलं आणि पाऊस आला, तर बैलांचं मरण माझ्या जिभेवर. मागच्या वर्षी ह्याच जागी उभं राहून त्यांनी हेच पाहिलं असेल, आणि मी मात्र पाटी आपटत होते. मी पदर सावरला आणि सासऱ्यांच्या तोंडाकडं पाहून आयुष्यात पहिल्यांदा बोलले. "नाही वायलं, मामाजी. आणखी एक ऊन पाहिजे."

ते बांधावरच्या माणसांकडं वळले. "आयकलं? आज कोनी रचनार नाही."

पाऊस आला. दांडगा आला, सगळी रात्र पडला. पुढं कडक उन्हं पडली म्हणून गवत सुकलं, पण निम्मं काळं पडलं. बैल ते निवडून निवडून, नाक फुरफुरत खायचे. गाडीवाला पुन्हा हसला. मामाजी मला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी नवी गंजी गोठ्यापासून लांब, वाडीच्या टोकाला रचली. त्या हिवाळ्यात रोज सकाळी ते तिथं जायचे, बाही वर करून डावा हात खांद्यापर्यंत आत घालायचे आणि तसेच थोडा वेळ उभे राहायचे. मग परत येताना चुलीपाशी थांबायचे. गाय दावणीला असायची, पण ते मलाच सांगायचे.

"थंड हाय, बाई."